झोपाळ्याची फळी आणि गिटारचा आवाज

आमचे मूळ घर खानापूर तालुक्यातले. कौलारू, पुढे पडवी, मध्ये माजघर आणि वर माळा. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी घराचे आढे बदलायचे ठरले. माळा रिकामा करताना आजोबांच्या झोपाळ्याची फळी खाली आली. सहा फूट लांब, बावीस इंच रुंद, दीड इंच जाड, चारही कोपऱ्यांत कड्यांची भोके. ओल्या फडक्याने धूळ पुसली तेव्हा खालून जांभळट काळा रंग दिसू लागला. अस्सल शिसव! आजोबा गेल्यावर आजीनेच हा झोपाळा उतरवायला लावला होता. त्यानंतर त्याचा विषय घरात कुणी काढला नव्हता.

आता तो निघाला. जुन्या लाकडाचा एक व्यापारी कौले पाहायला म्हणून आला आणि फळीभोवती दोन फेऱ्या मारून बाबांना भाव सांगून गेला. बाबांच्या डोक्यात सुताराची मजुरी होती. ते विकायला तयार झाले. माझा धाकटा भाऊ अकरावीपासून गिटारच्या नादी लागलेला. त्याने फळीवर बैठकच मारली. "जगातल्या भारी गिटारी शिसवीच्या असतात. ही विकायची नाही. हिची गिटार करून घ्यायची." आजी काहीच बोलली नाही. उठून आत गेली.

मी भौतिकशास्त्राची विद्यार्थिनी असल्यामुळे "खरे-खोटे तू बघून ये" असे म्हणून बाबांनी चौकशीचे काम माझ्यावर टाकले. त्या चौकशीत जे हाती लागले ते या लेखात मांडत आहे. आपल्या महाविद्यालयात गिटार वाजवणारे बरेच आहेत. पण गिटार कशामुळे बोलते आणि तिच्या लाकडाला एवढे महत्त्व का, हे माझ्याप्रमाणेच अनेकांना ठाऊक नसावे.

मेस्तांचे उत्तर

गोव्यात बार्देशात हाताने गिटार बनवणारे एक वयस्कर कारागीर आहेत. गावात त्यांना सगळे मेस्त म्हणतात. कोकणीत मेस्त म्हणजे सुतार. फळीचे फोटो आणि मापे घेऊन आम्ही दोघे चोर्ला घाटातून म्हापशाला आणि तिथून त्यांच्याकडे गेलो. ते कोकणीत बोलत होते, आम्ही मराठीत. अडचण कसलीच आली नाही.

त्यांनी फोटो पाहिले, आजोबांविषयी विचारले आणि म्हणाले, "लाकूड उत्तम आहे. पण आवाज चांगला येईल म्हणून कापणार असाल, तर कापू नका. गिटारचा आवाज या फळीत नसतो."

भावाचे तोंड उतरले. मी विचारले, "मग सगळे जग शिसव शिसव का करते?"

मेस्त हसले. "ते सांगायला दुपार जाईल. जेवून आलात का?"

ती दुपार आणि नंतरच्या आणखी दोन खेपा, शिवाय आमच्या सरांशी झालेली चर्चा, यांतून मला जे समजले ते क्रमाने सांगते.

तार एकटी काय करते?

आमच्या प्रयोगशाळेतला एक साधा प्रयोग सर्वांना ठाऊक आहे. नादकाटा वाजवून हवेत धरला तर कानाशी नेल्याशिवाय ऐकू येत नाही. त्याचा दांडा टेबलावर टेकवला की सारा वर्ग ऐकतो. नादकाट्यात वेगळी शक्ती आली असे नव्हे. त्याची कंपने टेबलाच्या रुंद पृष्ठभागात उतरली आणि त्या पृष्ठभागाने भरपूर हवा हलवली, इतकेच. गिटारच्या तारेचेही तसेच आहे. तार बारीक, ती हवेला कापत जाते, ढकलू शकत नाही. तिला एक रुंद, हलकी फळी लागते.

गिटारचे भाग सांगताना मी मिरजेच्या सतार-तंबोरा करणाऱ्यांचे शब्द वापरते, कारण ते आपल्या भागात रुळलेले आहेत. वरच्या फळीला ते तबली म्हणतात. तारा जिच्यावरून जातात ती घोडी. तार ताणायच्या त्या खुंट्या. हाताने धरतो ती दांडी. गिटारमध्ये तबलीच्या खाली चपटी पाठ असते आणि दोहोंना जोडणाऱ्या वळवलेल्या बाजू. तबलीला मधोमध गोल तोंड असते.

तार छेडली की कंपने घोडीतून तबलीत जातात. तबली आत-बाहेर हलते आणि हवा ढकलते. त्याचबरोबर पेटीतली हवाही तोंडातून आत-बाहेर होऊ लागते. रिकाम्या चंबूच्या तोंडावर फुंकर घातली की घुमल्यासारखा आवाज येतो, तोच हा प्रकार. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) याने याचा अभ्यास केला, म्हणून अशा पोकळीच्या नादाला त्याचे नाव दिले आहे. नेहमीच्या गिटारमध्ये हा हवेचा नाद सेकंदाला साधारण १०० कंपनांच्या आसपास असतो आणि तबलीचा पहिला मोठा नाद २०० च्या आसपास. सर्वांत जाड तार मोकळी वाजवली की ८२ कंपने होतात, तिच्या शेजारची ११०. म्हणजे खालच्या स्वरांना हवा उचलून धरते आणि त्यांच्या वरच्यांना तबली. या दोन नादांचा मेळ कसा बसला आहे, यावर गिटार भरदार वाटते की कोती, हे पुष्कळसे ठरते.

तबलीचे लाकूड

आता तबलीसाठी लाकूड कसे हवे ते पाहू. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोंच्या आसपास भरतो. म्हणजे एक धडधाकट माणूस तबलीला सतत लोंबकळत असतो म्हणा ना! तो ताण सोसायला तबली ताठ हवी. पण जड झाली तर तारेच्या इवल्याशा जोराने ती हलणार नाही. ताठ आणि तरीही हलके, ही मागणी पुरी करणारी लाकडे थोडी आहेत.

त्यांतले पहिले स्प्रूस. आल्प्सच्या उतारांवर आणि उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, थेट अलास्कापर्यंत, ही सूचिपर्णी झाडे वाढतात. थंडीमुळे वाढ सावकाश, म्हणून वर्षावर्षाची वलये दाट. स्प्रूसच्या एका घनमीटरचे वजन चारशे-साडेचारशे किलो भरते, तर शिसवीचे आठशेच्या पुढे जाते. तरीही तंतूंच्या दिशेने स्प्रूस इतके ताठ असते की त्यातून नाद सेकंदाला ५००० मीटरच्या आसपास वेगाने धावतो. हवेत हा वेग ३४० च्या आसपास असतो. गंमत अशी की तंतूंना आडव्या दिशेने हेच लाकूड दहापट किंवा त्याहूनही लवचीक असते. बांबूची चटई एका बाजूने गुंडाळता येते, दुसऱ्या बाजूने नाही, तसे.

म्हणून ओंडका कसा चिरला याला महत्त्व येते. तबलीची फळी अशी काढतात की तिच्या टोकाकडून पाहिले तर वलयांच्या रेषा उभ्या दिसाव्यात. मग एक जाड तुकडा मधून चिरून पुस्तकासारखा उघडतात आणि दोन्ही पाने मधोमध जोडतात. डावी बाजू उजवीचे प्रतिबिंब दिसते. दिसायला सुंदर हे खरेच, पण दोन्हीकडची ताकदही त्यामुळे सारखी राहते.

या तबलीची जाडी तीन मिलिमीटरच्या जवळपास असते. इथे एक हिशेब सरांनी मला फळ्यावर करून दाखवला. फळीचा वाकण्याला होणारा विरोध तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. तीन मिलिमीटरची तबली रंधून २.७ केली, म्हणजे जाडी दहा टक्के कमी झाली, तर वजनही दहा टक्केच घटते. पण ताठपणा सत्तावीस टक्क्यांनी उतरतो. ०.३ मिलिमीटर, म्हणजे रंध्याचे काही हात! कारागिराचा हात म्हणतात तो काय असतो हे मला त्या दिवशी आकड्यांत दिसले.

तबलीच्या पोटात

एवढ्या पातळ तबलीला आतून पट्ट्यांचा आधार द्यावा लागतो. त्या बाहेरून दिसत नाहीत, आणि नेमके तेच गिटारचे गुपित आहे.

स्पेनमध्ये अल्मेरियाजवळ जन्मलेला आंतोनियो द तोरेस (१८१७–१८९२) हा आजच्या शास्त्रीय गिटारचा घडवणारा मानतात. तबली हलकी ठेवून तिच्या आत पंख्याच्या काड्यांसारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्या लावण्याची पद्धत त्याने पक्की केली. तिकडे सॅक्सनीहून १८३३ साली अमेरिकेत गेलेल्या ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन याच्या कारखान्यात १८४० च्या दशकात पट्ट्या फुलीच्या आकारात लावू लागले. त्या वेळी गिटारला आतड्याच्या तारा असत. पुढे पोलादी तारा आल्या, ताण वाढला, आणि ही फुली तो ताण पेलू शकली. आज आपण वाजवतो त्या बहुतेक पोलादी तारांच्या गिटारींत तीच फुली असते.

मेस्तांकडे मी हे काम प्रत्यक्ष पाहिले. तबली दोन बोटांत धरून ते अंगठ्याने टकटक करीत, कान देत, पटाशीने पट्टीचा एक पातळ तुकडा काढीत, पुन्हा टकटक करीत. मी विचारले, "कधी थांबायचे हे कसे कळते?" ते म्हणाले, "थांबायला उशीर झालेल्या तीन तबल्या त्या कोपऱ्यात आहेत."

नंतर त्यांनी मला आमच्याच अभ्यासक्रमातली गोष्ट दाखवली. तबली आडवी ठेवून तिच्यावर चहाची पूड भुरभुरली आणि खालून लाउडस्पीकरने एकेक स्वर दिला. विशिष्ट स्वराला पूड उडू लागली आणि तबलीचा जो भाग स्थिर होता तिथे रेषांत जमा झाली. क्लाद्नी या जर्मन शास्त्रज्ञाने १७८७ साली प्रसिद्ध केलेल्या आकृत्या त्या ह्याच. पुस्तकात मी त्या गुणांसाठी काढल्या होत्या. इथे चहाची रेषा एका बाजूला किंचित वाकडी दिसली आणि मेस्तांनी त्या बाजूची पट्टी थोडी तासली.

मग शिसव कशाला?

शिसव येते ती पाठीला आणि बाजूंना. दांडीवर तारा दाबायची पट्टी आणि घोडीही पुष्कळदा तिचीच असते.

आधी नावाचा घोळ काढून टाकू. आपली शिसव म्हणजे डाल्बर्जिया लॅटिफोलिया. आपल्या कन्नड मित्रांच्या भाषेत बीटे. उत्तर हिंदुस्थानातला शिसम हा तिचा भाऊबंद, पण झाड वेगळे. इंग्रज हिला ब्लॅकवुड म्हणत. एकोणिसाव्या शतकात मुंबईत हिचे कोरीव फर्निचर होई आणि ते 'बॉम्बे ब्लॅकवुड' या नावानेच ओळखले जाई. कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतल्या पश्चिम घाटात ही झाडे आहेत. आपल्या शेजारच्या दांडेलीच्या रानातही आहेत.

शिसवीचे गुण खोटे नाहीत. ती जड आणि कठीण असते, ओली-सुकी होताना फारशी वेडीवाकडी होत नाही, आणि तिच्या फळीवर टकटक केली तर भांड्यासारखा टणत्कार येतो. कंपने तिच्यात लवकर विरत नाहीत. अशी पाठ तबलीची कंपने फारशी गिळत नाही, हवेला परत पाठवते. त्यामुळे स्वर लांबतो असे वाजवणारे सांगतात. यातला काही भाग भौतिकशास्त्रालाही मान्य आहे.

पण हिचे नाव जगभर झाले ते वेगळ्याच कारणाने. युरोप-अमेरिकेतल्या उंची गिटारींना पूर्वी ब्राझीलचे रोझवुड वापरत. ते याच कुळातले, डाल्बर्जिया निग्रा. फर्निचरवाल्यांनाही तेच हवे असे. तोडून तोडून १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते मिळणे कठीण झाले आणि १९६९ साली मार्टिन कंपनीने त्याच्या जागी भारतीय शिसव घेतली. इतरही कारखाने तिकडे वळले. १९९२ साली ब्राझिलियन रोझवुडचा समावेश 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात झाला आणि त्याचा व्यापार जवळजवळ बंद झाला. २०१७ च्या जानेवारीपासून डाल्बर्जिया कुळातल्या बाकीच्या सगळ्याच जाती दुसऱ्या परिशिष्टात गेल्या. म्हणजे सीमेपलीकडे नेताना कागदपत्रे हवीत. वादक मंडळींची विमानतळावर पंचाईत होऊ लागली, तेव्हा २०१९ साली तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. लाकडावरचे नियंत्रण मात्र कायम आहे. आपली शिसव निसर्ग संवर्धनाच्या जागतिक यादीत 'असुरक्षित' या वर्गात आहे. झाड सावकाश वाढते. काळा गाभा धरायला त्याला कित्येक दशके लागतात.

थोडक्यात, ब्राझीलमध्ये जे घडले तेच घाटात घडायला फार काही लागणार नाही. म्हणूनच, गिटारच्या आवाजाला हे लाकूड खरोखर किती आवश्यक आहे, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला.

डोळ्यांना झापडे लावून

या प्रश्नाची तपासणी तोरेसनेच केली होती. १८६२ साली त्याने एक गिटार अशी केली की तिची तबली नेहमीसारखी स्प्रूसची, पण पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या! आपल्याकडे लगद्याची खेळणी करतात तशीच. ती गिटार आज बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. आवाज तबलीचा असतो हे त्याला दाखवायचे होते, असे मानतात.

१९९५ साली अमेरिकेतल्या बॉब टेलर यांनी माल वाहून नेण्याच्या टाकाऊ लाकडी फळकुटांची गिटार बनवली आणि ती चांगली वाजली. त्यांचे म्हणणे एवढेच की चांगला कारागीर साध्या लाकडातूनही काम काढू शकतो.

पण वैज्ञानिक दृष्टीने नीट झालेला प्रयोग इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचा. तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. रॉजर बकनॉल या नामवंत कारागिराने त्यांच्यासाठी सहा गिटारी केल्या. सर्वांची घडण आणि तबलीचे लाकूड एकाच प्रकारचे. फक्त पाठ आणि बाजू निराळ्या लाकडांच्या. ब्राझिलियन रोझवुड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. बावन्न गिटारवादकांनी त्या वाजवल्या. खोलीत अंधूक उजेड आणि डोळ्यांवर वेल्डिंगवाल्याचा काळा चष्मा, म्हणजे लाकूड दिसू नये. आवाजाला त्यांनी दिलेले गुण जवळजवळ सारखेच पडले. महागड्या लाकडाला वर आणि स्वस्ताला खाली, असे काही झाले नाही.

याचा अर्थ पाठीने काहीच फरक पडत नाही असा कुणी काढू नये. पाठीचे वजन आणि ताठपणा यांचा थोडा परिणाम होतोच. पण तो इतका बारीक की तबली, पट्ट्या आणि कारागिराचा हात यांच्या फरकात बुडून जातो. एकाच झाडाच्या दोन तबल्याही सारख्या वाजत नाहीत.

आपल्या वाद्यांकडे पाहिले तरी हेच दिसते. मिरजेच्या तंबोऱ्याला भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा लागतो. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. जिथे जे लाकूड हाताशी होते त्याचा स्वभाव ओळखून कारागिरांनी वाद्य घडवले, आणि पिढ्यान्‌पिढ्या ऐकून आपल्या कानांना तोच आवाज 'अस्सल' वाटू लागला. गिटारच्या बाबतीत शिसवीचे असेच झाले असावे असे माझे मत आहे. शिवाय ती दिसते सुंदर. डोळ्यांनी एकदा पसंत केले की कान फारसे भांडत नाहीत.

आजीचा निकाल

हे सगळे मी घरी येऊन पडवीत बसून सांगितले. फळीने आवाज सुधारेल असे धरून चालू नका, हेही स्पष्ट सांगितले. भाऊ गप्प होता. बाबा म्हणाले, "मग व्यापाऱ्याला बोलावतो."

आजी इतका वेळ तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "आवाज तिचा नसू दे. माळ्यावर उंदीर नाचालेत तिच्यावर, त्यापेक्षा वाजू दे की. विकायची मात्र नाही. आणि सगळी कापू नका. मला बसायला त्यातली ठेवा."

पुढच्या महिन्यात फळी गोव्याला गेली. मेस्तांनी ती उभी करून टोक न्याहाळले. फळी झाडाच्या गाभ्याजवळून काढलेली होती. त्यामुळे मध्यभागी रेषा आडव्या पडल्या होत्या, पण दोन्ही कडांच्या नऊ-नऊ इंचांत उभ्या होत्या. तेवढाच भाग त्यांना हवा होता. त्यांनी चाळीस इंच कापले. कड्यांच्या भोकांचा तुकडा बाजूला काढला आणि उरलेल्याची बँडसॉवर पातळ पाने चिरली. शिसवीचा भुसा श्वासात आणि कातडीला त्रास देतो म्हणून त्यांनी तोंडाला फडके बांधले होते. बाजूंची पाने दोन मिलिमीटरपर्यंत रंधून, ओली करून, तापलेल्या लोखंडी नळीवर दाबत दाबत वळवली. माझा श्वास रोखला गेला होता. एक कडकड आवाज आला असता तर आजीला काय सांगायचे?

पाठ चिकटवायची वेळ आली तेव्हा त्यांनी आम्हाला परत पाठवले. पावसाळा सुरू झाला होता. त्याचे कारणही समजून घेण्यासारखे आहे. लाकूड हवेतला दमटपणा पिऊन तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते. फुगलेल्या अवस्थेत पट्ट्या चिकटवल्या तर मार्चच्या कोरड्या हवेत पंधरा इंच रुंदीची पाठ दोन-तीन मिलिमीटर आक्रसू पाहते. पट्ट्या तिला धरून ठेवतात आणि फळी तडकते. म्हणून ते काम दसऱ्यानंतर. शिसवीत तेल असते, सरस धरत नाही. म्हणून जोडायच्या आधी प्रत्येक कड स्पिरिटने पुसली.

तबली मात्र परदेशी स्प्रूसचीच घातली. तिच्यासाठी झोपाळ्याचा उपयोग नव्हता.

गिटार घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

माझ्या मित्रमैत्रिणींपैकी ज्यांना गिटार घ्यायची आहे त्यांना एवढेच सांगेन की दुकानात पाठीचा रंग पाहून पैसे मोजू नका. आधी तबली अखंड लाकडाची आहे की प्लायवुडची हे पाहा. गोल तोंडाची कड निरखली तर कळते: वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरत असतील तर अखंड, कडेला थर दिसत असतील तर प्लायवुड. प्लायवुडच्या थरांचे तंतू एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तबलीला लागणारा तो एका दिशेचा ताठपणा त्यात राहत नाही. शिकायला ती चालते आणि हवामानही जास्त सोसते, पण आवाज बांधलेला राहतो. दुसरे म्हणजे, दोन गिटारींत निवड करायची झाली तर मित्राला वाजवायला सांगा आणि आपण पाठ करून ऐका.

आम्हीही घरी तसे केले. मेस्तांकडून फणसाच्या पाठीची एक गिटार चार दिवसांसाठी आणली होती. भाऊ दाराआड कधी ही, कधी ती वाजवी आणि मी ओळखायचे. कधी बरोबर आले, कधी चुकले. शेवटी आजी म्हणाली, "दोन्ही चांगल्याच वाजालेत की." लँकेस्टरच्या प्रयोगाचा निष्कर्ष याहून फारसा निराळा नाही!

तरीही भावाला विचारले तर तो आपलीच गिटार चांगली म्हणतो. पाठीच्या खालच्या अंगाला, बाजूच्या जोडाजवळ, कडीच्या लोखंडाचा एक काळसर डाग उतरला आहे. मेस्त तो तासून काढणार होते. भावाने राहू दिला.

फळीचा उरलेला बत्तीस इंचांचा तुकडा गावच्या पडवीत आहे. सुताराने त्याला चार पाय लावून बाकडे केले. एका टोकाला कड्यांची दोन भोके तशीच आहेत. संध्याकाळी आजी त्यावर बसते. गेल्या उन्हाळ्यात भाऊ गिटारच्या पेटीत भोके पाडलेल्या साबणदाणीत ओला स्पंज ठेवत होता, लाकूड फार कोरडे पडू नये म्हणून. ते पाहून ती म्हणाली, "झोपाळ्याला आम्ही वर्षातनं एकदा तेल लावत होतो, बस्स. ही तर बाळंतिणीसारखी जपायला लागते रे."